खालच्या अंगाचं पाणी

गावाच्या नदीला दोन अंगं असतात. वरचं अंग आणि खालचं अंग. वरच्या अंगाला पाटला-वाण्या-बामणाचे हंडे भरायचे. त्याच्या खाली धुणं. त्याच्या खाली गुरं. आणि सगळ्यांचं धुऊन निघालेलं जिथं येऊन साचायचं, तिथं आपली माय वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची. महारवाडा, मांगवाडा खालच्या अंगालाच. कुणी म्हणेल हा भूगोल आहे. भूगोल नव्हे. हा कायदा होता, फक्त तो कागदावर नव्हता, पाण्यावर लिहिलेला होता.

आता गंमत बघा. पाणी वरून खाली येतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. घाण पाण्याबरोबर येते, म्हणजे घाणही वरून खालीच येणार. पण आपल्या गावात विटाळ मात्र खालून वर चढायचा! वरच्यांची गुरं, वरच्यांची धुणी, वरच्यांची राख आपल्या घागरीत येत होती आणि पाणी बाटवल्याचा आरोप आपल्यावर होता. जगातल्या कुठल्याही नदीनं असा उलटा प्रवास केला नसेल. तो धर्मशास्त्रानं करून दाखवला.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पुढं काय झालं ते आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतलं. आपण ही गोष्ट अपमानाची म्हणून सांगतो. मला आज ती दुसऱ्या अंगानं सांगायची आहे. शेणात आणि मुतात काय असतं? नत्र असतं, स्फुरद असतं. म्हणजे ज्याला आपण आज खत म्हणतो तेच. माणसाच्या ओंजळीनं पाण्याचं काहीएक बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते शुद्ध करणाऱ्यांनी. तळ्यात खत ओतलं आणि त्याला पावित्र्य म्हटलं.

हा प्रसंग मनात धरा. कारण आपल्या जिल्ह्यात हेच रोज चाललेलं आहे, फक्त मंत्र बदललाय. त्या वेळी मंत्र शुद्धीचा होता, आता उत्पन्नाचा आहे.

०

मागं एका अभ्यासवर्गात हा विषय निघाला. खताचं पाणी, तळी, धरणं. एक पोरगा ताडकन उठला. म्हणाला, "दादा, हा बागायतदाराचा घोळ हाय. आपल्याला ना जमीन, ना पाणी. ज्या जिल्ह्यात सोनई झालं, खर्डा झालं, तिथं आपुन माशांसाठी रडायचं व्हय?"

प्रश्न खोटा नाही. २०१३ ला सोनईत आणि २०१४ ला खर्ड्यात आपल्या पोरांचं काय झालं ते आपण विसरलेलो नाही, विसरणारही नाही. ज्याच्या दारात रक्त सांडलंय त्याला शेवाळाची गोष्ट सांगणं म्हणजे टिंगल वाटणार. पर्यावरण पर्यावरण म्हणत येणारी शहरातली मंडळी आपण पाहिलेली आहेत. त्यांना वाघ दिसतो, झाड दिसतं, पण झाडाखाली बसलेला माणूस दिसत नाही. तेव्हा पोराचा संशय रास्त आहे. पण संशय रास्त असला म्हणजे उत्तर बरोबर असतंच असं नाही. त्याला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. ते इथं द्यायचा प्रयत्न करतोय.

आधी मामला काय आहे तो बघू.

अहमदनगर, आता अहिल्यानगर, हा जिल्हा दोन तोंडांचा आहे. एक तोंड कोरडं : पाथर्डी, जामखेड, कर्जत. तिथली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. दुसरं तोंड ओलं आणि गोड : संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी, नेवासे. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेचे कालवे निघाले. पुढं मुळेवर २६ टीएमसीचं धरण आलं. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखान्याचं पहिलं बॉयलर पेटलं. आणि उसाचं राज्य आलं. ह्या राज्यानं रस्ते आणले, शाळा आणल्या, कॉलेजं आणली. हे नाकारायचं कारण नाही. आणि ह्या राज्यात आपण कुठं होतो हेही सांगायला नको. उसाच्या सरीत होतो, वाकलेले.

ऊस हा खादाड गडी. कृषी विद्यापीठाची शिफारसच बघा : सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, आडसालीला ४०० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे पावणेएकवीस किलो. म्हणजे नुसत्या युरियातून द्यायचं म्हटलं तर सुरू उसाला हेक्टरी बारा गोण्या आणि आडसालीला एकोणीस. ही झाली पुस्तकातली गोष्ट. बांधावरची गोष्ट अशी की शेजाऱ्यानं एक गोणी जास्त टाकली की आपणही टाकायची. युरियाची गोणी सरकारी अनुदानामुळं २६६ रुपये ५० पैशाला मिळते. स्फुरद, पालाश महाग. मग हात युरियाकडंच जातो. ऊस हिरवागार दिसतो, मन भरतं.

पण टाकलेल्यातलं पिकाच्या तोंडात किती जातं? निम्म्याहून कमी, पुष्कळदा तिसरा हिस्सा. उरलेलं काही वाऱ्यावर उडून जातं, काही मातीत राहतं आणि बाकीचं पाण्याबरोबर निघतं. युरियाचं मातीत नायट्रेट होतं. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही, ते मिठासारखं विरघळतं. पाटानं शेत तुडुंब भरलं की ते खाली झिरपून विहिरीत, बोअरमध्ये उतरतं, नाहीतर चरातून ओढ्याला, ओढ्यातून नदीला. स्फुरदाचं वेगळं. तो मातीच्या कणाला चिकटून बसतो आणि पावसात माती वाहिली की तिच्या पाठीवर बसून जातो.

जातं कुठं? मुळा प्रवरेला मिळते. प्रवरा टोक्याजवळ प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. आणि तिथंच नाथसागराचं पाणी येऊन भिडलेलं आहे. पैठणचं जायकवाडी धरण १९६५ ला सुरू झालं, १९७६ ला पुरं झालं. नेवासे-शेवगावच्या जमिनी त्याच्या पोटात गेल्या. शंभर टीएमसीच्या वरचा हा सागर. नगर-नाशिकचं सगळं धुऊन आलेलं त्याच्यात उतरतं. आणि त्याच्यातलं पाणी छत्रपती संभाजीनगर पितं, जालना पितं, मराठवाड्याची शेतं पितात.

साचलेल्या पाण्यात खत आलं की काय होतं? जे शेतात होतं तेच. पीक येतं. पण इथलं पीक म्हणजे शेवाळ आणि जलपर्णी. पाणी हिरवं होतं, खाली ऊन जात नाही. शेवाळ मरून तळाला बसतं. ते कुजवायला जिवाणू तुटून पडतात, आणि कुजवता कुजवता पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. मग पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करतात. पाणी भरपूर असतं, पण त्यात श्वास नसतो. काही निळं-हिरवं शेवाळ तर विषच सोडतं. अमेरिकेतल्या ईरी सरोवराच्या काठावर टोलेडो नावाचं शहर आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये शेतातल्या स्फुरदावर वाढलेल्या शेवाळाचं विष नळात आलं आणि चारेक लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. श्रीमंत देश, मोठ्ठं गोड्या पाण्याचं सरोवर, आणि लोक बाटल्यांच्या रांगेत. त्याच देशात मिसिसिपी नदी जिथं समुद्राला मिळते तिथं दर उन्हाळ्यात समुद्राचा एक पट्टा मरतो. २०१७ ला हा मेलेला पट्टा बावीस हजार चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. आपली गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. तिथं मधल्या खोलीच्या थरात प्राणवायू मुळातच फार कमी आहे. त्या उंबरठ्यावरच्या समुद्राकडं खोऱ्यातलं प्रत्येक शेत, प्रत्येक शहर आपापला वाटा पाठवतं आहे.

इथं एक इमानदारीची गोष्ट. सगळा दोष खताचा नाही. शहरांचं सांडपाणी आहे, कारखान्यांची मळी आहे. उजनीचं पाणी हिरवं होतं त्यात पुणे-पिंपरीच्या मैल्याचा हात मोठा. खोटं बोलून चळवळ उभी राहत नाही. पण सांडपाण्याला निदान एक पाइप असतो, बोट दाखवता येतं. खताला पाइप नाही. ते हजार बांधांवरून, लाख सऱ्यांतून, गुपचूप येतं. त्याचा गुन्हेगार सापडत नाही. आणि म्हणूनच हा नीतीचा प्रश्न आहे.

०

नाथसागरावरून भांडण आहे, ते पेपरात रोज असतं. वरच्या नगर-नाशिकनं खालच्या मराठवाड्याला पाणी सोडायचं की नाही. २००५ चा कायदा झाला. २०१४ साली जलसंपत्ती प्राधिकरणानं आदेश दिला की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरून पाणी सोडावं. २०१६ ला उच्च न्यायालयानंही समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. तरी दर दुष्काळात मोर्चे, रास्ता रोको, दारांवर पहारे. सगळं भांडण एका शब्दावर : किती? किती टीएमसी? पाणी कसं आहे, त्यात काय उतरलंय, हे कुणी विचारत नाही. जो खाली आहे त्यानं मिळालं ते गपगुमान प्यावं. हा न्याय तुम्हांला ओळखीचा वाटतो का? मला वाटतो. हाच तो नदीचा खालच्या अंगाचा कायदा. तालुक्यांना आणि जिल्ह्यांना लागू झालाय, इतकंच.

आता मूळ प्रश्नाला हात घालू. पाप कुणाचं?

बागायतदाराला विचारा. तो म्हणेल, मी माझ्या रानात माझं खत टाकलं, कुणाचं वाईट चिंतलं नाही. खरं आहे. आपला धम्मही सांगतो की कर्माच्या मुळाशी चेतना असते, हेतू असतो. नकळत पायाखाली मुंगी मेली तर ती हत्या नव्हे. मग नकळत मेलेल्या माशाचं काय? मी म्हणतो, नकळत होतं तोवर तुझं बरोबर. पण कळल्यावर? पाणी हिरवं झालेलं तू पाहिलंस, विहिरीचं पाणी बदललेलं तू पाहिलंस, स्वतःच्या घरी शुद्ध पाण्याचं यंत्र बसवून घेतलंस. म्हणजे तुला कळलं. कळल्यावर न कळल्यासारखं करणं, हीच चेतना. तिथून पुढं तो अपघात राहत नाही, ते कर्म होतं.

मग तो दुसरं म्हणेल : माझ्या चार गोण्यांनी काय समुद्र मरतो? सगळेच टाकतात. हेही खरं आहे. एका शेतकऱ्याच्या चार गोण्यांनी नाथसागर हिरवा होत नाही. पण दोस्तहो, थांबा. हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय. गावात अस्पृश्यता कोण पाळत होतं? कुणाही एकाला विचारा. वाणी म्हणायचा, मी काय केलं, पैसे लांबून टाकायला सांगितले, रीत आहे. न्हावी म्हणायचा, मी तुझे केस कापले तर गाव मला टाकेल. मास्तर म्हणायचा, मी तर शिकवतो, फक्त बाहेर बस. प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. सगळ्यांचा मिळून हजारो वर्षांचा तुरुंग. कुणी बांधला नाही, सगळ्यांनी बांधला. बाबासाहेबांनी ह्या 'रीत आहे'ला माफी दिली नाही. आपणही दिली नाही. मग ज्या युक्तिवादावर आपण थुंकलो, तो युक्तिवाद खताच्या गोणीवर बसून आला म्हणून आपण पवित्र कसा मानायचा? थेंबाथेंबानं केलेला अन्याय हा अन्यायच असतो. वाटून घेतल्यानं पाप कमी होत नाही, फक्त ओळखू येईनासं होतं.

पण वाटा सारखा नाही. हेही तितक्याच जोरानं सांगितलं पाहिजे, नाहीतर 'आपण सगळेच दोषी' म्हणत बडे लोक निसटून जातात. ऊस कुठं लावायचा, पाटाचं पाणी कुणाला, खताचं अनुदान कशावर, हे ठरवणारा एक. पन्नास एकरवाला एक. दोन एकर कोरडवाहूवाला एक. आणि रोजंदारीवर पाटी काखेला लावून सरीतून युरिया फेकत जाणारी बाई एक. ह्या बाईचं काय पाप? ती मालकाची मूठ आहे. मूठ तिची, मर्जी त्याची. तिला दोष देणं म्हणजे मेलेलं ढोर ओढणाऱ्याला ढोर मारल्याचा दोष देण्यासारखं आहे. पण एक गोष्ट तिच्याजवळ आहे जी कुणाजवळ नाही. किती गोण्या पडल्या हे कृषी खात्याच्या कागदापेक्षा तिच्या हाताला जास्त ठाऊक आहे. ती गुन्हेगार नाही, ती साक्षीदार आहे. आणि आपल्या चळवळीचं काम साक्षीदाराला बोलतं करण्याचं आहे.

०

आता त्या पोराच्या प्रश्नाकडं. "आपल्याला काय त्याचं?"

पहिलं उत्तर सोपं : नायट्रेट जात विचारत नाही, पण रस्ता जातीचाच धरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको, असं भारतीय मानक सांगतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या सुमारे वीस टक्के नमुन्यांत ते ह्या मर्यादेच्या वर निघालं, आणि महाराष्ट्रात तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नमुन्यांत. हे पाणी बाटलीनं पाजलेल्या तान्ह्या लेकराच्या रक्तातला प्राणवायू धरून ठेवायची ताकद कमी करतं, लेकरू निळं पडतं. आणि हे लक्षात ठेवा, घरोघरी सांगा : नायट्रेट उकळून जात नाही. उकळलं की पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. तुरटीनं जात नाही, क्लोरीननं जात नाही, फडक्यानं तर नाहीच. ज्याच्याकडं पैसे आहेत तो यंत्र बसवतो किंवा जार विकत घेतो. ज्याच्याकडं नाहीत तो वस्तीच्या हातपंपावर येतो. आणि ऊसतोडीची कोपी तर चारीच्या काठावर, नाहीतर उसातल्याच विहिरीवर. म्हणजे शेवटी खालच्या अंगाला कोण? तोच.

पण हे उत्तर पुरेसं नाही. 'आपल्यालाही त्रास होतो म्हणून आपला प्रश्न' एवढ्यावर थांबलो तर आपणही इतरांसारखे स्वतःपुरतेच. दुसरं उत्तर अवघड आहे, आणि ते आपल्यालाच टोचणारं आहे.

बाबासाहेबांनी ह्या समाजाचं मर्म सांगितलं ते श्रेणीबद्ध विषमता. नुसती विषमता असती तर खालचे सगळे एक होऊन उठले असते. पण इथं प्रत्येक पायरीखाली आणखी एक पायरी. वरून लाथ खाणारा खाली लाथ घालून समाधान पावतो. म्हणून बंड होत नाही. आता नदीकडं बघा. नदी ही श्रेणीबद्ध विषमतेची लांबलचक चित्रफीत आहे. नाशिकचं सांडपाणी नगरकडं येतं. नगर ओरडतं आणि आपलं खत मराठवाड्याकडं ढकलतं. मराठवाडा ओरडतो आणि आपलं पुढं नांदेडकडं. नांदेड तेलंगणाकडं. सगळ्यात खाली समुद्र, त्याला तोंड नाही. प्रत्येकजण वरच्याकडं बोट दाखवतो, त्यामुळं खाली जाणाऱ्या आपल्या हाताकडं कुणाचं लक्ष जात नाही.

आणि आपला हात? आपल्यातही आता कुणाला वतनाची जमीन राहिली आहे, कुणी गायरान कसतोय, कुणी दोन एकर विकत घेतली आहे. नाथसागराचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर करायला भूमिहीन माणूसही जातो. तिथं टाकलेली मूठ तर थेट धरणाच्या पोटात. त्याला मी काय म्हणू? पोटासाठी चाललंय, टाक? की पाणी मरतंय, टाकू नको? जो जन्मभर खालच्या अंगाला राहिला, त्याला पहिल्यांदा वरच्या अंगाला उभं राहायला मिळालं. आणि त्याच्या खाली भोई आहे, जाळं टाकून बसलेला. त्याच्या खाली कुठल्यातरी वस्तीचा हातपंप आहे. ज्यानं खालच्या अंगाचं पाणी प्यायलंय, त्यालाच कळतं वरच्यानं काय करायला पाहिजे होतं. त्यानंही तेच केलं तर मग आपली लढाई पाण्यासाठी नव्हती, नुसती जागेसाठी होती. खालून वर सरकायची. बाबासाहेब महाडला जागा बदलायला गेले नव्हते. ते पाण्याचा कायदा बदलायला गेले होते.

इथं एक फसवणूकही ओळखून ठेवू. खताविरुद्ध बोललं की काही लोक लगेच जवळ येतात. जुनी शेती, गोमातेचं शेणखत, आपली महान परंपरा! त्यांना एवढंच विचारा : त्या शेणाची पाटी कुणाच्या डोक्यावर होती? त्या सुवर्णयुगात आपल्या ताटात काय होतं? रासायनिक खत हे सैतानाचं नाही. जर्मनीत फ्रिट्झ हाबरनं १९०९ ला हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला, १९१३ ला त्याचा कारखाना निघाला. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचं अन्न त्या नत्रावर उभं आहे असा अंदाज आहे. तोच हाबर १९१५ ला रणांगणावर विषारी वायू सोडवायला उभा होता. एकाच हातानं भाकरी आणि विष. विज्ञान आपल्याला सोडायचं नाही, बाबासाहेबांच्या लेकरांनी तर नाहीच. विज्ञानाला माणुसकीच्या दावणीला बांधायचं आहे. आणि शेणखत बेसुमार टाकलं तर त्याचंही नायट्रेट होतं. पाणी गाईचं ओळखत नाही. प्रश्न पवित्र-अपवित्राचा नाही, मापाचा आहे.

आपल्या धम्माचा उगमच पाण्याच्या बांधावर आहे, हे आपण विसरतो. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण म्हातारा-आजारी-प्रेत असं सांगितलेलं नाही. रोहिणी नदी. तिच्या एका बाजूला शाक्य, दुसऱ्या बाजूला कोलिय. दोघं तिच्या पाण्यावर शेती करायचे. पाण्यावरून सेवकांची मारामारी झाली, शाक्य संघानं युद्ध ठरवलं. सिद्धार्थ उभा राहिला. म्हणाला, आधी चौकशी करा, दोन्हीकडचे दोन-दोन आणि त्यांनी निवडलेला पाचवा, ते ठरवतील. आपल्याही माणसांचा दोष असू शकतो, हे म्हणायची छाती त्याच्यात होती. तो मतदानात हरला आणि घर सोडून गेला. म्हणजे धम्माचं पहिलं पाऊल हे आपल्याच संघाला 'आपली चूक काय?' असं विचारण्याचं होतं. वरच्याला जाब विचारणं सोपं. आपल्या बाजूला उभं राहून आपल्याच बाजूला जाब विचारणं, तिथं सिद्धार्थ व्हावं लागतं.

०

मग करायचं काय? नुसती टाळ्यांची भाषणं नकोत.

वस्तीच्या हातपंपाचं, विहिरीचं पाणी तपासून घ्या. जलजीवन मिशनमध्ये २०१९ पासून गावोगाव पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे, त्या पेटीत नायट्रेटची चाचणी असते. ती पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात धूळ खात असेल तर बाहेर काढा. त्या पाच बायांत आपल्या वस्तीची बाई असलीच पाहिजे हे मागा. आकडा खडूनं फळ्यावर लिहा, चौकात. महाडला ओंजळ हे हत्यार होतं, आज आकडा हे हत्यार आहे.

पाण्याच्या वाटपाच्या प्रत्येक सभेत 'किती'च्या जोडीला 'कसं' हा शब्द घुसवा. वरून पाणी सोडायचं तर ते पिण्याच्या लायकीचं सोडा, ही मागणी नगरच्या आंबेडकरी पोरानं करावी. मराठवाड्याच्या बाजूनं. मग बघा किती जणांच्या भुवया वर जातात.

आपल्या दोन एकरवाल्याला उपदेश करू नका, त्याच्याबरोबर माती तपासायला जा. खत एकदम नको, हप्त्यानं द्या. पाटाऐवजी ठिबक मिळालं तर पाण्याबरोबर खतही वाचवता येतं. त्याचं अनुदान त्याच्यापर्यंत का येत नाही हे कचेरीत जाऊन विचारा. पाचट जाळू नका, सरीत आंथरा. ओढ्याच्या काठाला दोन हात गवताची पट्टी सोडा. हिवरेबाजार ह्याच जिल्ह्यातलं कोरडं गाव. तिथं गावानं ठरवून ऊस लावायचा नाही असा नियम केला आणि पाळला. म्हणजे नियम करता येतो. गरिबावर लादून नव्हे, सगळ्यांनी मिळून.

आणि खत फेकणाऱ्या बाईला विचारा, ताई, किती गोण्या? ती सांगेल. लिहून घ्या.

त्या पोराला माझं उत्तर एवढंच : मित्रा, मी माशासाठी रडत नाही. पण माशाला जिथं श्वास घेता येत नाही, तिथं पुढचा नंबर खालच्या अंगाच्या माणसाचा असतो, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? आपण हजारो वर्षं खालच्या अंगाला उभे होतो. तिथं उभं राहून आपल्याला एक गोष्ट दिसली जी वरच्याला कधी दिसलीच नाही. पाणी कुणाच्या शिवण्यानं बाटत नाही. खाली कुणी आहे हे विसरल्यानं बाटतं.

ती गोष्ट आता आपण विसरायची नाही. वरच्या अंगाला गेल्यावर तर नाहीच नाही.

जयभीम.